नवख्या खेळाडूंचें भविष्य

चैत्राचें ऊन तापूं लागलें आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे शिक्षकांच्या घरीं येऊन पडले, कीं त्याच सुमारास आपल्या समाजांत आणखी एका परीक्षेच्या निकालाची चर्चा सुरू होते. आणि या परीक्षेचें वैशिष्ट्य असें कीं, तिचा निकाल परीक्षेपूर्वींच लावण्याचा प्रघात आहे. इंडियन प्रीमियर लीग या नांवानें २००८ सालापासून वीस-वीस षटकांच्या क्रिकेटची जी वार्षिक जत्रा भरत आली आहे, तींत या खेपेचा उत्तम नवोदित खेळाडू कोण ठरणार, याविषयींचीं भाकितें वर्तमानपत्रांच्या स्तंभांतून, दूरचित्रवाणीवरील तज्ज्ञांच्या मुखांतून आणि डोंबिवलीहून मुंबईकडे जाणाऱ्या सकाळच्या गाडींतून एकसारखीं ऐकूं येतात. ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील सुशिक्षित कुटुंबांत तर हा विषय सकाळच्या चहाबरोबरच निघतो. या भाकितांकडे लेखनाचा एक प्रकार म्हणून पाहावें, त्यांचे आधार कोणते, रीत कोणती, आणि त्यांपासून कोणाचें हित व कोणाचें अहित होतें याचा थोडा विचार करावा, असा आमचा हेतु आहे. खेळाच्या गप्पांना एवढें गंभीर रूप कशास द्यावयाचें, असें कोणी म्हणेल. परंतु ज्या गप्पांच्या एका टोकास पंधरा वर्षांचा मुलगा उभा असतो, त्या गप्पा केवळ करमणुकीच्या राहत नाहींत.

प्रथम 'नवखा' कोणास म्हणावें हेंच पाहूं. लीगच्या पहिल्या वर्षीं हें पारितोषिक एकोणीस वर्षांखालील मुलांसाठीं होतें. दुसऱ्या वर्षीं तें तेवीस वर्षांखालील खेळाडूंसाठीं झालें आणि पुढें त्यास 'उदयोन्मुख खेळाडू' असें व्यापक नांव मिळालें. अलीकडील हंगामांतील अटी पाहिल्या तर, वयाच्या मर्यादेशिवाय, खेळाडूचे कसोटी सामने पांचांहून, एकदिवसीय सामने विसांहून आणि लीगमधील सामने पंचविसांहून अधिक झालेले नसावेत, अशी व्यवस्था दिसते. यांतील शेवटची अट मोठी गमतीची आहे. २०२५ सालीं ज्यांना हा मान मिळाला ते साई सुदर्शन २०२२ सालींच लीगमध्यें आले होते. २०२३ च्या अंतिम सामन्यांत त्यांनीं ९६ धांवा काढल्या होत्या, आणि २०२५ चा हंगाम उजाडला तेव्हां त्यांचे बरोबर पंचवीस सामने झाले होते. म्हणजे नवख्यांच्या दालनांतून बाहेर पडतां पडतां दारांतच त्यांना हार घालण्यांत आला. त्यांनीं त्या हंगामांत ७५९ धांवा, म्हणजे सर्वांहून अधिक धांवा केल्या, तेव्हां त्यांच्या योग्यतेविषयीं शंका नाहीं. पण त्याच हंगामांत वैभव सूर्यवंशी नांवाचा चौदा वर्षांचा मुलगा प्रथमच मैदानांत उतरला होता आणि २८ एप्रिल रोजीं जयपुरास त्यानें ३५ चेंडूंत शतक पुरें केलें होतें. साध्या मराठी माणसास 'या हंगामांतील नवखा कोण' असें विचारलें असतें तर त्यानें याच मुलाकडे बोट दाखविलें असतें. २००९ सालीं तेवीस वर्षांखालील खेळाडूचा मान रोहित शर्मा यांस मिळाला, तेव्हां तर ते २००७ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना खेळून आलेले होते. (त्यांच्या बाळपणीं त्यांचे आईवडील आपल्या डोंबिवलींत एका खोलींत राहत आणि मुलगा आजोबांकडे बोरिवलीस वाढत होता, ही गोष्ट आतां सर्वश्रुत आहे.)

शब्दाचा हा घोटाळा केवळ आपल्याकडेच आहे असें नाहीं. उत्तर अमेरिकेंत बर्फावरील हॉकीचे जे धंदेवाईक सामने होतात, त्यांत १९३६-३७ च्या हंगामापासून उत्तम नवख्यास 'कॅल्डर' यांच्या नांवानें पारितोषिक देतात, आणि तें त्या खेळाविषयीं लिहिणाऱ्या पत्रकारांच्या मतांनीं ठरतें. १९९० सालीं तें सर्गेई मकारोव्ह या एकतीस वर्षांच्या रशियन खेळाडूस मिळालें. स्वदेशांत वर्षानुवर्षें कीर्ति मिळविलेला हा गृहस्थ अमेरिकेंत प्रथम आला म्हणून नवखा ठरला! मग वयाची सव्वीस वर्षांची मर्यादा घालण्यांत आली. उलट, १९७९-८० च्या हंगामांत वेन ग्रेट्झ्की हा अवघा एकोणीस वर्षांचा तरुण साऱ्या लीगमध्यें श्रेष्ठ ठरला, परंतु आदल्या वर्षीं तो दुसऱ्या एका धंदेवाईक लीगमध्यें खेळलेला असल्यामुळें नवख्याचें पारितोषिक मात्र रे बूर्क यास गेलें. तेथील चर्चा आम्हांस एका बाबतींत आपल्याहून बरी वाटते. कोण पात्र आणि कोण अपात्र हा वाद तेथें आधीं होतो आणि भाकीत मागाहून. आपल्याकडे पात्रतेचे नियम फारसे कोणी वाचीत नाहीं; भाकीत मात्र प्रत्येकजण करतो.

आतां भाकितांच्या खरेखोटेपणाकडे वळूं. २००८ पासून २०२५ पर्यंत अठरा खेळाडूंस हा मान मिळाला. त्यांत बांगलादेशचा मुस्तफिझुर रहमान हा एकटा परदेशी. राहिलेल्या सतरांपैकीं चौदाजण भारताकडून खेळले, आणि त्यांत पंत, गिल, जयस्वाल यांच्यासारखीं नांवें आहेत. तेव्हां पारितोषिक देणाऱ्यांची दृष्टि अगदींच अधू होती असें म्हणतां येणार नाहीं. तथापि श्रीवत्स गोस्वामी, इक्बाल अब्दुल्ला आणि बासिल थंपी हे तिघे भारताकडून एकही सामना न खेळतां राहिले. आणि २०२२ सालीं ज्याच्या वेगानें सारा देश दिपून गेला, ज्यानें २२ बळी घेतले, त्या उमरान मलिकला पुढील दोन हंगामांत मिळून नऊच सामने खेळावयास मिळाले. याच्या उलट बाजूस विराट कोहली, जसप्रीत बुमराह व सूर्यकुमार यादव यांचीं नांवें या यादींत कोठेंच नाहींत. कोहलींची गोष्ट तर भाकीत करणारांनीं आपल्या भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे. २००८ च्या मार्चमध्यें त्यांच्या नेतृत्वाखालीं एकोणीस वर्षांखालील मुलांनीं विश्वचषक जिंकला. लगेच लीगसाठीं त्या मुलांची वांटणी झाली. पहिली निवड दिल्लीची होती. दिल्लीचाच हा मुलगा, पण फलंदाज पुरेसे आहेत म्हणून दिल्लीनें प्रदीप संगवान या गोलंदाजास घेतलें आणि कोहली बंगळूरकडे गेले. त्या हंगामांत बंगळूरकडून त्यांच्या हातून १६५ धांवा झाल्या, आणि एकोणीस वर्षांखालील उत्तम खेळाडू म्हणून त्यांच्याच संघांतील गोस्वामींची निवड झाली. दिल्लीकरांनीं मूर्खपणा केला असें आज म्हणणें सोपें आहे. त्या दिवशींच्या माहितीवर त्यांचा निर्णय समंजस होता, आणि याच कारणासाठीं तो अभ्यासण्याजोगा आहे.

एका हंगामांत नवख्यास मिळतात ते चौदा-पंधरा सामने. त्यांतही तो कितव्या क्रमांकास खेळतो, कर्णधाराची मर्जी कशी, संघांतील कोणा थोर खेळाडूचा स्नायु ऐन वेळीं दुखावतो कीं नाहीं, यांवर त्याची संधि अवलंबून. भाकीत करणारा गुणाकडे पाहतो. हंगाम बव्हंशीं संधीवर चालतो. शिवाय पहिल्या वर्षीं नवख्याचें वैगुण्य कोणास ठाऊक नसतें. दुसऱ्या वर्षीं प्रतिपक्षाचे मदतनीस त्याच्या प्रत्येक चेंडूचें चित्र पाहून बसलेले असतात. म्हणून आमच्या मतें पहिल्या हंगामाहून दुसऱ्या हंगामाचें भाकीत अधिक मोलाचें. पण तें करावयास कोणी उत्सुक नसतो, कारण त्यांत नवलाई नाहीं.

येथवर हें सारें मोठ्या माणसांचें झालें. ते पैसे घेऊन खेळतात, स्तुतिनिंदा सोसण्याचें त्यांचें वय असतें. पण भविष्य सांगण्याची ही हौस लीगपाशीं थांबत नाहीं. ती शाळेच्या मैदानापर्यंत उतरते. आणि येथें कल्याणच्या प्रणव धनावडेचें नांव घेतल्यावांचून पुढें जातां येत नाहीं.

४ व ५ जानेवारी २०१६ या दोन दिवशीं कल्याणच्या वायलेनगरांतील मैदानावर, भंडारी चषकाच्या आंतरशालेय सामन्यांत, के. सी. गांधी शाळेच्या या पंधरा वर्षांच्या मुलानें ३२३ चेंडूंत नाबाद १००९ धांवा केल्या. त्यांत १२९ चौकार व ५९ षट्कार होते. म्हणजे ८७० धांवा त्यानें न धांवतांच मिळविल्या. शाळेनें ३ बाद १४६५ वर डाव सोडला. प्रतिपक्षाच्या आर्य गुरुकुल शाळेचे दोन डाव ३१ व ५२ धांवांत आटोपले आणि सामना एक डाव व १३८२ धांवांनीं संपला. पहिल्या दिवशीं सायंकाळीं तो ६५२ वर नाबाद होता, तेव्हांच जगांतील साऱ्या क्रिकेटमधील वैयक्तिक धांवसंख्येचा उच्चांक त्याच्या नांवावर लागला होता. दुसऱ्या दिवशीं कल्याणला वार्ताहरांची रीघ लागली. रिक्षा चालवून संसार करणाऱ्या वडिलांचा हा मुलगा एका रात्रींत 'उद्यांचा तेंडुलकर' झाला. स्वतः तेंडुलकर यांनीं त्यास बॅट भेट दिली. मुंबई क्रिकेट संघटनेनें पांच वर्षांपर्यंत दरमहा दहा हजार रुपयांची शिष्यवृत्ति जाहीर केली. यांत वावगें कांहींच नव्हतें. गुणी मुलास मदत करणें हें संस्थेचें कर्तव्यच होय. वावगें होतें तें लिहिणारांचें. ज्या सामन्याचा दुसरा पक्ष ३१ धांवांत बाद होतो, त्या सामन्यावरून फलंदाजाच्या भवितव्याविषयीं काय अनुमान काढतां येतें, हा प्रश्न त्या आठवड्यांत फारच थोड्या लेखण्यांस सुचला. इतका वेळ एकाग्रतेनें उभें राहणें, हात न थकूं देणें, हजाराचा आंकडा दिसूं लागल्यावरही न बावरणें, हे गुण त्या डावांत निःसंशय होते. परंतु वेगवान चेंडू आंखूड टप्प्यावर पडून बरगडीकडे येतो तेव्हां हा मुलगा काय करील, याविषयीं तो डाव मुका होता. जें डावानें सांगितलें नव्हतें तें वर्तमानपत्रांनीं सांगितलें.

पुढें काय झालें तें वाचकांस ठाऊकच असेल. २०१७ सालीं मुलाचा खेळ मनासारखा होत नाहीं असें पाहून वडिलांनींच शिष्यवृत्ति थांबविण्याची विनंती संघटनेस केली. या घटनेची बातमी आली. पण हजार धांवांच्या बातमीस जेवढी जागा मिळाली होती तिच्या शतांश जागाही तिला मिळाली नसेल. आमच्या मतें या साऱ्या कथेंत सर्वांत भारदस्त वर्तन कोणाचें असेल तर तें त्या वडिलांचें. विद्वान टीकाकारांनीं जो विवेक दाखवावयाचा तो एका रिक्षावाल्यानें स्वतःच्या पदरास खार लावून दाखविला.

ज्याचा उच्चांक या मुलानें मोडला त्याचें चरित्रही या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. इंग्लंडांतील क्लिफ्टन कॉलेजांत १८९९ च्या जूनमध्यें ए. ई. जे. कॉलिन्स या तेरा वर्षांच्या मुलानें वसतिगृहांच्या सामन्यांत नाबाद ६२८ धांवा केल्या. हा उच्चांक एकशेंसोळा वर्षें टिकला. कॉलिन्स पुढें सैन्यांत गेला, प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नाहीं, आणि १९१४ सालीं ईप्रच्या रणभूमीवर मारला गेला. तेव्हां शालेय उच्चांक आणि मोठेपणीचें यश यांचा संबंध जुळतोच असें नाहीं, हें शंभर वर्षांपूर्वींच सिद्ध झालेलें होतें. पण क्रिकेटचे लेखक आंकडे जितके पाठ करतात तितके ते वाचीत नाहींत.

विरारच्या पृथ्वी शॉची गोष्ट याहून गुंतागुंतीची. (विरार २०१४ पर्यंत आपल्या ठाणें जिल्ह्यांतच होतें.) २०१३ सालीं हॅरिस ढालीच्या सामन्यांत ५४६ धांवा, रणजी पदार्पणांत शतक, २०१८ सालीं राजकोटास कसोटी पदार्पणांत १३४: येथें भाकीत करणारांचें एकही वाक्य खोटें ठरत नव्हतें. मग २०२० च्या डिसेंबरांत ॲडलेड येथें झालेल्या कसोटीनंतर त्यांस पुन्हां कसोटी मिळाली नाहीं, आणि २०२४ च्या लिलांवांत त्यांच्यावर कोणी बोली लावली नाहीं. भाकीत पांच वर्षें खरें आणि मग खोटें. त्याची गणना कोणत्या रकान्यांत करावयाची?

आतां याच रेल्वेमार्गावरच्या दोन खेळाडूंकडे पाहूं, ज्यांच्याविषयीं भाकीत करणारे बहुधा मुके राहिले. अजिंक्य रहाणे यांचा जन्म १९८८ सालीं संगमनेर तालुक्यांतील आश्वी खुर्द येथला, पण ते वाढले डोंबिवलींत, येथल्याच शाळेंत शिकले, आणि मॅटिंगच्या खेळपट्टीवर त्यांनीं खेळाचे पहिले धडे घेतले. २००७ सालीं कराचीस मुंबईकडून पदार्पण करतांना त्यांनीं १४३ धांवा केल्या. २००८-०९ च्या रणजी हंगामांत १०८९ धांवा करून मुंबईच्या विजयास हातभार लावला. लीगमध्यें नवख्याचा मान त्यांस कधीं मिळाला नाहीं. २०११ च्या नोव्हेंबरांत कसोटी संघांत नांव आलें, आणि मग दीड वर्षाच्या सुमारास ते पाणी नेण्याचें काम करीत बसून राहिले. मार्च २०१३ मध्यें दिल्लीस अखेर संधि मिळाली, तेव्हां धांवा झाल्या ७ आणि १. या दोन आंकड्यांवर ज्यांनीं त्यांचें भविष्य सांगितलें त्यांचे लेख आज कोणी काढून पाहावे. वर्ष संपण्यापूर्वीं दरबानला नाबाद ५१ व ९६, पुढें वेलिंग्टनला ११८, लॉर्ड्सला १०३; आणि २०२० च्या डिसेंबरांत, भारताचा डाव ॲडलेडला ३६ धांवांत कोसळल्यावर, मेलबर्न येथें कर्णधार या नात्यानें ११२.

दुसरे कल्याणचे तुषार देशपांडे. लहानपणीं शिवाजी पार्कवर निवडीसाठीं गेले ते फलंदाज होण्यास. फलंदाजांची रांग फार लांब दिसली म्हणून गोलंदाजांच्या रांगेंत उभे राहिले, असें त्यांनींच सांगितलें आहे. कल्याणच्या मुलास दिवस मावळण्यापूर्वीं नंबर लागणें आणि परतीची गाडी मिळणें किती महत्त्वाचें असतें, हें ज्यास ठाऊक आहे त्यास या निवडींत विनोद दिसणार नाहीं. २०२० सालीं ते लीगमध्यें आले, मग दोन वर्षें जवळजवळ अदृश्य झाले, आणि २०२३ सालीं चेन्नईच्या विजयी संघाकडून त्यांनीं २१ बळी घेतले. त्या वर्षीं ते अठ्ठावीस वर्षांचे होऊन गेले होते. 'उदयोन्मुख' म्हणावयास उशीर झाला होता. फलंदाजीची जुनी हौस मात्र फिटावयाची राहिली होती. २०२४ च्या फेब्रुवारींत बडोद्याविरुद्ध रणजीच्या उपांत्यपूर्व सामन्यांत अकराव्या क्रमांकावर येऊन त्यांनीं १२३ धांवा केल्या आणि तनुष कोटियन यांच्यासह शेवटच्या जोडीनें २३२ धांवांची भर घातली. दहाव्या व अकराव्या क्रमांकांच्या दोघांनींही शतकें केल्याचें याआधीचें उदाहरण १९४६ सालचें. ओव्हलवर सरवटे आणि बॅनर्जी यांचें. भाकीत कोणी करावें तर असल्या गोष्टीचें करून दाखवावें!

आम्ही अध्यापनाच्या व्यवसायांत बरींच वर्षें घालविलीं आहेत, आणि पहिल्या सत्राच्या गुणांवरून मुलाच्या कपाळीं भविष्य लिहिण्याची चाल शाळा-महाविद्यालयांतही कमी नाहीं, हें जाणतों. पण तेथें निदान तें भविष्य वर्गाच्या चार भिंतींत राहतें. खेळाचें भविष्य चव्हाट्यावर सांगितलें जातें, आणि मध्यंतरीं कांहीं वर्षें त्यावर घरोघरीं पैसेही लावले जात होते. भ्रमणध्वनीवर संघ निवडून जिंकण्याहरण्याचा जो व्यवहार चाले, त्याला २०२५ च्या ऑगस्टमध्यें संसदेनें कायद्यानें बंदी केली. त्या व्यवहाराच्या ओघांत 'उत्तम नवखा कोण' हा प्रश्न गुणग्राहकतेचा राहिला नव्हता, बाजारभावाचा झाला होता. कायद्यानें पैसा थांबविला. भाव काढण्याची संवय राहिली आहे.

मग भाकीत करूंच नये काय? आम्ही इतके कठोर नाहीं. रसिकानें अंदाज बांधणें हा रसग्रहणाचाच भाग आहे. आमची तक्रार भाकिताविषयीं नाहीं, त्याच्या पुराव्याविषयीं आहे. नवख्याच्या शतकाहून त्याच्या अपयशानंतरचा पुढचा डाव पाहावा. किती चेंडू मारले यापेक्षां चांगला चेंडू आल्यावर तो काय करतो तें पाहावें. प्रतिपक्षाची धांवसंख्या वाचल्याशिवाय कोणाचाही उच्चांक वाचूं नये. आणि खेळाडू शाळकरी असेल तर जाहीर भाकीत मुळींच करूं नये. डावाचें वर्णन करावें, कौतुक करावें आणि लेखणी खालीं ठेवावी. हा नियम पाळल्यानें वर्तमानपत्राचा खप किंचित् घटेल, त्यास आमचा इलाज नाहीं.

१९८८ च्या फेब्रुवारींत शारदाश्रमाच्या तेंडुलकर-कांबळी जोडीनें ६६४ धांवांची अभेद्य भागीदारी केली, तेव्हां पुढच्या क्रमांकाचा फलंदाज पॅड बांधून तिष्ठत बसला होता. त्याचें नांव अमोल मुजुमदार. मुंबईकडून रणजी पदार्पणांतच त्यानें हरियाणाविरुद्ध २६० धांवा केल्या आणि भविष्यवाद्यांनीं त्याचें नांव भारताच्या संघांत लिहून टाकलें. प्रथम श्रेणींत अकरा हजारांवर धांवा करूनही मुजुमदार भारताकडून एकही सामना खेळले नाहींत. २ नोव्हेंबर २०२५ रोजीं आपल्याच ठाणें जिल्ह्यांत, नेरूळच्या मैदानावर, भारताच्या महिला संघानें दक्षिण आफ्रिकेस ५२ धांवांनीं हरवून प्रथमच विश्वचषक जिंकला, तेव्हां त्या संघाचे मुख्य मार्गदर्शक मुजुमदार होते. त्या दिवशीं ८७ धांवा आणि दोन बळी घेऊन सामन्याचा मान मिळविला तो शेफाली वर्मा हिनें. आणि स्पर्धा सुरू होतांना वर्तवलेल्या कोणत्याही भाकितांत तिचें नांव असणें शक्य नव्हतें, कारण त्या वेळीं ती संघांतच नव्हती. प्रतिका रावल जायबंदी झाली म्हणून उपांत्य सामन्यापूर्वीं तिला बोलावून घेण्यांत आलें होतें.